रग्बी लीगची इंटरनॅशनल मॅच कुठल्या स्टेडियमला द्यायची? पहिल्या यादीपासून शेवटच्या सहीपर्यंत

रग्बी लीगची इंटरनॅशनल मॅच जाहीर झाली की पहिलं भांडण टीमवरून होत नाही, ग्राउंडवरून होतं. एवढं मोठं कशाला घेतलं, अर्धं रिकामं दिसेल. एवढं छोटं कशाला घेतलं, तिकिटं मिळणार नाहीत. आणि दोन्ही बाजूचे लोक आपापल्या जागी बरोबर असतात. मी बरीच वर्षं वेळीअवेळी जागून या मॅचेस बघतोय आणि प्रत्येक टूर्नामेंटच्या आधी स्वतःची ग्राउंडची यादी करायची मला खोड आहे, नंतर खरी यादी आली की ताडून बघतो कुठे चुकलो. त्यातून एक पद्धत बसत गेली, ती इथे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. लीग म्हणजे १३ जणांचं रग्बी, १८९५ ला इंग्लंडच्या उत्तरेत हडर्सफील्डला जे क्लब बाहेर पडले त्यांचं. १५ जणांचं युनियन वेगळं. हे सांगायचं कारण एवढंच की युनियनचं गणित लीगला लावलं की हमखास फसतं. युनियनला राजधानीतली मोठी स्टेडियम भरायची सवय आहे, लीगचा प्रेक्षक मात्र पट्ट्यापट्ट्यात राहतो. इंग्लंडमध्ये यॉर्कशायर, लँकेशायर, कंब्रिया. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड, फ्रान्समध्ये दक्षिणेचा भाग, आणि पापुआ न्यू गिनी तर अख्खा देश. या पट्ट्याच्या बाहेर गेलात की तुम्ही जुगार खेळताय. खेळू नका असं म्हणत नाही, फक्त खेळताय हे माहीत असू द्या.

पहिली पायरी: ही मॅच नेमकी कुणासाठी आहे

कागद घ्या आणि एका वाक्यात लिहा की ही मॅच कशासाठी होतेय. पैसा कमवायला, नवीन शहरात खेळ न्यायला, होम टीमला जिंकायला मदत म्हणून, का टीव्हीवर भारी दिसायला. चारही उत्तरं एकदम लिहिता येणार नाहीत, एकच लिहायचं. आणि हेच लोक टाळतात. मग मिटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं वेम्बली (लंडनचं भलंमोठं फुटबॉल स्टेडियम), सगळे माना डोलावतात, आणि सहा महिन्यांनी तिकिटं खपत नाहीत म्हणून अर्ध्या किमतीत वाटायची वेळ येते.

उदाहरण म्हणून डेन्व्हर घ्या. जून २०१८, इंग्लंड विरुद्ध न्यूझीलंड, अमेरिकन फुटबॉलच्या माइल हाय स्टेडियमवर. हेतू काय तर अमेरिकेत खेळ दाखवायचा. स्टेडियम साधारण ७६ हजारांचं, आले १९,३२०. आता १९ हजार लोक अमेरिकेत लीग बघायला येणं ही काही वाईट गोष्ट नाही हो, पण त्या भल्यामोठ्या वाडग्यात ते १९ हजार विखुरलेले दिसतात आणि चित्र असं जातं की कुणी आलंच नाही. तेच लोक २० हजारांच्या ग्राउंडवर बसवले असते तर हाउसफुल्ल म्हणून बातमी झाली असती. त्यात उंची १६०० मीटर, क्लबचे सामने चालू असताना खेळाडूंना लांबचा प्रवास, क्लब आधीपासून नाराज, आणि नंतर आयोजकाकडून दोन्ही देशांच्या बोर्डांचे पैसे अडकले ते वेगळंच. हेतू बरोबर होता, भांडं चुकलं.

दुसरी पायरी: आधी माणसं मोजा, खुर्च्या नंतर

अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण इथे उलटी वापरायची, आधी पाय मोजा मग अंथरूण निवडा. माणसं मोजायची म्हणजे कशी, तर चार प्रश्न विचारायचे.

त्या शहरापासून तासाभराच्या अंतरात लीगचे किती क्लब आहेत आणि त्यांना नेहमी किती लोक येतात. हा तुमचा पाया. दुसरं, पाहुण्या टीमचे लोक त्या शहरात राहतात का. हा प्रश्न सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. २०१७ च्या वर्ल्ड कपमध्ये टोंगा विरुद्ध इंग्लंड सेमीफायनल ऑकलंडच्या माउंट स्मार्टवर झाली, ३०,००३ लोक, अख्खं ग्राउंड लाल. कागदावर टोंगा पाहुणी टीम, पण ऑकलंडमध्ये टोंगन लोकांची वस्ती एवढी की ती टोंगाची होम मॅचच होती, इंग्लंड २०-१८ ने कसंबसं सुटलं. सामोआचंही तसंच, ऑकलंड आणि सिडनीचा पश्चिम भाग. म्हणजे पॅसिफिकच्या टीमची मॅच असेल तर देशाचा नकाशा बाजूला ठेवा, माणसं कुठे राहायला गेलीत तो नकाशा काढा.

तिसरं, या शहराला लीगची मोठी मॅच बघायची सवय आहे का. २०२१ चा वर्ल्ड कप (कोविडमुळे तो झाला २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये) न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कवर सुरू केला तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं हे फुटबॉलचं गाव, इथे लीग कशाला. पण तिथे २०१५ पासून मॅजिक वीकेंड होत होता, म्हणजे सुपर लीगच्या (इंग्लंडमधली लीगची मुख्य क्लब स्पर्धा) सगळ्या टीम्स एका वीकेंडला एकाच ग्राउंडवर, त्यामुळे शहराला आणि बाहेरून येणाऱ्या फॅन्सना दोघांनाही वाट माहीत होती. इंग्लंड-सामोआला ४३,१९९ लोक आले. नवीन शहर घ्यायचंच असेल तर अशी दोनचार वर्षं मशागत झालेलं घ्या.

चौथं, समोरासमोर कोण आहे. इंग्लंड-ऑस्ट्रेलिया ही वस्तू वेगळी आणि दोन पाहुण्या टीम्सची ग्रुप मॅच ही वस्तू वेगळी. त्याच वर्ल्ड कपमध्ये टोंगा-कुक आयलंड्स मिडल्सब्रोच्या रिव्हरसाइडला दिली, ३० हजारांच्या वर क्षमता, बऱ्याच खुर्च्या रिकाम्या. आणि टोंगा-सामोआ क्वार्टरफायनल वॉरिंग्टनच्या हॅलिवेल जोन्सवर, साधारण १५ हजारांचं ग्राउंड, १२ हजारांच्या वर लोक, आणि टीव्हीवर सुद्धा असं वाटत होतं की छत उडतंय. सामोआने २०-१८ ने काढली. टोंगा दोन्हीकडे होती, फरक समोरच्या टीमचा आणि भांड्याचा.

या चार उत्तरांवरून एक आकडा काढा, आणि मग त्यातून २० टक्के कमी करा. खरंच करा. आकडा काढणारा माणूस त्या खेळाच्या प्रेमात असतो, त्यामुळे तो नेहमी जास्तच निघतो, माझाही निघतो.

माझा ठोकताळा असा: अपेक्षित गर्दी ही क्षमतेच्या ८५ टक्क्यांच्या आसपास बसली पाहिजे. ६० च्या खाली जात असेल तर ते ग्राउंड नाव कितीही मोठं असलं तरी खोडा.

तिसरी पायरी: टेप घेऊन मैदानात उतरा

हा भाग मला सगळ्यात आवडतो कारण इथे मोठमोठी नावं आपटतात.

लीगचं मैदान ट्राय लाइनपासून (जिच्यापलीकडे बॉल जमिनीला टेकवला की ट्राय, म्हणजे गुण) ट्राय लाइनपर्यंत १०० मीटर, रुंदी ६८ मीटर, हे जास्तीत जास्त माप. त्याच्या दोन्ही टोकांना इन-गोल, म्हणजे बॉल टेकवायचा पट्टा, प्रत्येकी ६ ते ११ मीटर. म्हणजे नुसतं खेळायला एकूण ११२ ते १२२ मीटर लांबी लागते, आणि त्याच्या बाहेर खेळाडू घसरत गेला तर थांबायला मोकळी जागा वेगळी.

आता मोठ्या फुटबॉल स्टेडियमचं पिच असतं १०५ बाय ६८. रुंदी अगदी तंतोतंत जुळते, हा निव्वळ योगायोग, पण फार उपयोगी योगायोग. लांबी मात्र कमी पडते. १०० मीटर वापरले की उरतात ५, दोन टोकांना अडीच-अडीच. इन-गोल कमीत कमी ६ चं करायचं तरी दोन्ही बाजूंना आणखी साडेतीन मीटर गवत पाहिजे, आणि ते सपाट गवत पाहिजे, जाहिरातीचे बोर्ड मागे सरकवता आले पाहिजेत, पहिली रांग पिचला चिकटलेली नको. म्हणून फुटबॉल क्लबला पहिला फोन कराल तेव्हा क्षमता विचारू नका, ती इंटरनेटवर असते. विचारा की गोल लाइनच्या मागे सपाट गवत किती मीटर आहे आणि उतार कुठून सुरू होतो. ओल्ड ट्रॅफर्डचं पिच आजूबाजूपेक्षा वर आहे, कडेला उतार आहे, कोपऱ्यात टॅकल झाला की खेळाडू घरंगळत जातात हे सुपर लीगच्या ग्रँड फायनलला दरवर्षी दिसतं. तिथे मॅच खेळवता येते, फायनल होतातच, पण पॅडिंग आणि बोर्डांची जागा नीट आखावी लागते.

इन-गोल छोटं झालं तर बिघडतं काय, असं कुणी विचारेल. खेळ बदलतो. लीगमध्ये ट्रायच्या कितीतरी संधी किकवर येतात, जमिनीलगत ढकललेला ग्रबर किंवा वर उडवलेला बॉम्ब. इन-गोल आखूड असलं की ग्रबर डेड बॉल लाइन (इन-गोलची मागची रेष) ओलांडून जातो आणि अटॅक करणाऱ्या टीमची मेहनत वाया. हाफबॅक लोकांना (किक बहुतेक तेच मारतात) हे आधी कळलं पाहिजे, कारण त्यांचं सगळं टायमिंग त्या ६ का १० मीटरवर असतं. म्हणून माप दोन्ही टीम्सना महिनाभर आधी लेखी द्या, नाहीतर हरलेला कोच ते पत्रकार परिषदेत देतोच.

अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियममध्ये अडचण उलटी. त्यांचं मैदान जेमतेम ४९ मीटर रुंद, आपल्याला हवेत ६८. लांबी दोन्ही एंड झोन धरून ११० च्या जवळ. म्हणजे दोन्ही बाजूंना कडेची जागा खाऊन सुद्धा बऱ्याच ठिकाणी पूर्ण रुंदी मिळत नाही. लास व्हेगासच्या अलिजियंट स्टेडियमवर मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडच्या महिला टीम्सची टेस्ट झाली, तिथे मैदान नेहमीपेक्षा अरुंदच आखावं लागलं. अरुंद मैदान म्हणजे विंगरला पळायला जागा कमी, डिफेन्सची लाइन दाट. एखाद्या मॅचला चालवून घ्या, पण वर्ल्ड कपची नॉकआउट मॅच अशा ठिकाणी मी तरी देणार नाही.

क्रिकेटचं ओव्हल असेल तर जागा भरपूर, पण माणूस लांब बसतो. मेलबर्नच्या एमसीजीवर २०१५ च्या स्टेट ऑफ ओरिजिनला (न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलंड) ९१ हजारांच्या वर लोक आले होते, तेव्हा अंतराचं कुणाला काही वाटलं नाही कारण गर्दीनेच वातावरण केलं. गर्दी ३० हजार असती तर तोच गोल आकार अंगावर आला असता. अॅथलेटिक्सचा ट्रॅक असलेल्या स्टेडियमलाही हेच लागू, लंडनच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर २०१५ आणि २०१६ मध्ये इंग्लंडच्या मॅचेस झाल्या, लोक आले, पण टॅकलचा जो आवाज छोट्या ग्राउंडवर कानात शिरतो तो तिथे हरवतो. लीग हा जवळून बघायचा खेळ आहे. आयताकृती स्टेडियम मिळत असेल तर १० हजार खुर्च्या कमी झाल्या तरी तेच घ्या. ब्रिस्बेनचं सनकॉर्प (जुने लोक अजून लँग पार्कच म्हणतात) म्हणूनच तर या खेळाचं माहेरघर, २००८ आणि २०१७ च्या दोन्ही वर्ल्ड कप फायनल तिथेच झाल्या.

खांब: क्रॉसबार ३ मीटरवर, दोन खांबांमधलं अंतर साडेपाच मीटर. ते रोवायला जमिनीत सॉकेट आहेत का, नसतील तर खणायला परवानगी मिळेल का, खाली पिच गरम ठेवायचे पाइप किंवा पाण्याची लाइन आहे का. फुटबॉल क्लबचा ग्राउंड्समन इथेच अडून बसतो. त्याला समजवायला एक मुद्दा कामाचा आहे: लीगमध्ये स्क्रम (दोन्ही बाजूंचे खेळाडू खांद्याला खांदा लावून जुंपतात तो) हा युनियनसारखा जोर लावून ढकलायचा नसतो, त्यामुळे गवत युनियनएवढं उखडत नाही. हे आकडे दाखवून सांगा, फोटो दाखवून सांगा, माणूस निवळतो. फुटबॉलच्या पांढऱ्या रेषा आदल्या दिवशी नीट घालवायला मात्र पैसे ठेवा, कारण लीगमध्ये दर १० मीटरला रेष असते आणि ४०/२० किकला (आपल्या ४० च्या मागून मारून, टप्पा पाडून समोरच्याच्या २० च्या आत बॉल कडेबाहेर घालवायचा) तर ४० आणि २० च्या रेषेवरच सगळा निर्णय, त्यात जुन्या रेषा अर्धवट दिसत राहिल्या तर रेफ्रीचं डोकं फिरतं.

चौथी पायरी: कॅलेंडर

लीगचा इंटरनॅशनल सीझन म्हणजे मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबर, कारण एनआरएल (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची क्लब स्पर्धा) आणि सुपर लीग तोपर्यंत संपतात. इंग्लंडमध्ये नेमका तेव्हा फुटबॉल जोरात असतो. प्रीमियर लीगचा फिक्स्चर जूनमध्ये येतो, मग टीव्हीवाले तारखा हलवतात, वर युरोपच्या मॅचेस. म्हणून फुटबॉल क्लबशी करार करताना तारीख नुसती पेन्सिलने लिहिलेली नको, आधी-नंतर किती दिवस पिच मोकळं राहणार तेही लिहून घ्या. २०२२ ला एक छान फट सापडली होती: कतारच्या फुटबॉल वर्ल्ड कपसाठी प्रीमियर लीग नोव्हेंबरच्या मध्यात थांबली आणि रग्बी लीगच्या वर्ल्ड कपची फायनल १९ नोव्हेंबरला ओल्ड ट्रॅफर्डवर आरामात बसली, दुपारी महिलांची आणि पाठोपाठ पुरुषांची, ६७,५०२ लोक. अशी फट दरवेळी मिळत नाही.

हवामानाचं थोडक्यात. उत्तर इंग्लंडमध्ये नोव्हेंबर म्हणजे पाऊस, थंडी आणि चार-साडेचारला अंधार, त्यामुळे छप्पर किती खुर्च्यांवर आहे ते बघा, कुटुंबवाले लोक ओलं होऊन दुसऱ्यांदा येत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला टाउन्सव्हिल, केर्न्स, डार्विन इकडे उलट, दमट उकाडा, तिथे दुपारची मॅच ठेवणं म्हणजे खेळाडूंचा छळ, संध्याकाळच ठेवा आणि फ्लडलाइट तपासा.

२००० चा वर्ल्ड कप या बाबतीत शाळा आहे. इंग्लंड-ऑस्ट्रेलिया सुरुवातीची मॅच ट्विकनमला, म्हणजे युनियनच्या घरात, लंडनला, धो धो पावसात, ३३,७५८ लोक. त्याच्या दहाबारा दिवस आधी हॅटफील्डला रेल्वे अपघात झालेला, देशभर गाड्यांचे वेग कमी केलेले, उत्तरेतून लंडनला येणं म्हणजे दिव्य. मॅचेस इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंड, फ्रान्स अशा पाच ठिकाणी पसरलेल्या. फायनलला ओल्ड ट्रॅफर्डवर ४४,३२९. रेल्वे अपघात कुणाच्या हातात नव्हता, पण सगळा प्रेक्षक उत्तरेत आणि सुरुवात दक्षिणेत हे हातात होतं.

पाचवी पायरी: पैशाचा हिशेब, आणि मोठं ग्राउंड नेहमी जास्त कमावतं हा गैरसमज

एक नमुना हिशेब करू, आकडे मी समजण्यापुरते घेतलेत. छोटं ग्राउंड, १६ हजार क्षमता, भाडं-सिक्युरिटी-स्टाफ सगळं धरून खर्च १ लाख २० हजार पाउंड. तिकीट सरासरी २५ पाउंड, खपली १४ हजार. जमा साडेतीन लाख, उरले २ लाख ३० हजार. आता मोठं स्टेडियम, खर्च साडेपाच लाख, तेच २५ पाउंडचं तिकीट, २२ हजार लोक आले. जमा साडेपाच लाख, उरलं शून्य. ८ हजार माणसं जास्त आली आणि हातात काहीच नाही. छोट्या ग्राउंडएवढं कमवायला मोठ्या ठिकाणी ३१,२०० लोक लागतात. आणि हे धरून की तिकीट २५ लाच खपेल, पण खपत नाही, कारण लोकांना दिसतं की जागा भरपूर आहे, शेवटच्या दिवशी घेऊ, ऑफर येईलच. छोट्या ग्राउंडवर घाई असते, म्हणून लोक महिनाभर आधी पैसे मोकळे करतात.

भाड्याचा करार तीनचार प्रकारचा असतो: ठोक भाडं, गेटच्या पैशात वाटा, किंवा कमीत कमी रक्कम अधिक वाटा. नवीन शहरात वाट्याचा करार मागा, म्हणजे फसलं तर दोघं मिळून फसता. हक्काच्या शहरात ठोक भाडं बरं. खाण्यापिण्याचे पैसे कुणाचे, पार्किंग कुणाचं, कॉर्पोरेट बॉक्सवाले जे वर्षभराचे सभासद आहेत त्यांना फुकट बसवावं लागणार का, आणि स्टेडियम क्लीन मिळणार का, म्हणजे आधीच्या स्पॉन्सरचे बोर्ड झाकून तुमचे लावता येणार का. हे चार प्रश्न सही करायच्या आधीचे आहेत. सही झाल्यावर विचारले तर प्रत्येकाचं वेगळं बिल येतं.

काही स्टॅंड बंद ठेवायची सोय आहे का हेही बघा. वरचा टियर उघडला की तिथले गेटवाले, फर्स्ट एड, टॉयलेट सगळ्यांचा खर्च सुरू होतो, म्हणून खालचा भरत आल्याशिवाय वरचा विक्रीला काढायचाच नाही असं आधी ठरवा.

सरकारी पैसा येणार असेल तर तो लेखी आल्याशिवाय शहरांची नावं जाहीर करू नका. ब्रिटिश सरकारने २०२१ च्या वर्ल्ड कपसाठी २५ मिलियन पाउंडपर्यंत दिले, त्यातला काही भाग तर क्लबच्या सोयीसुविधांसाठी होता, म्हणून आयोजकांना निवांत आखता आलं. उलट २०२५ चा वर्ल्ड कप फ्रान्समध्ये व्हायचा होता, गावं-शहरं ठरत आलेली, आणि मे २०२३ मध्ये आर्थिक हमी मिळत नाही म्हणून त्यांना माघार घ्यावी लागली, शेवटी स्पर्धा २०२६ ला ऑस्ट्रेलियात गेली.

सहावी पायरी: टीव्ही आणि आतल्या खोल्या

मुख्य कॅमेरा जिकडे बसतो त्याच्या समोरचा खालचा स्टॅंड सगळ्यात आधी भरा, स्वस्तात द्या, शाळांना द्या, काहीही करा पण तो भरा. कॅमेऱ्याखालचा स्टॅंड रिकामा असला तरी घरी बसलेल्याला दिसत नाही. ही लबाडी आहे का? थोडीशी. सगळे करतात.

वेळ ठरवताना पाहुण्यांचं घड्याळ बघा. इंग्लंडमध्ये नोव्हेंबरात दुपारी अडीचला मॅच सुरू झाली की सिडनीत रात्रीचा दीड वाजलेला असतो. रात्री आठला ठेवली तर तिकडे सकाळचे सात, चहा घेत बघता येईल. पण मग इकडचे पोरंबाळं असलेले लोक येत नाहीत आणि परतीच्या गाड्या संपतात. टीव्हीचा पैसा मोठा का गेटचा, पहिल्या पायरीत जे वाक्य लिहिलं होतंत ते इथे काढा.

साउंड सिस्टिम आदल्या दिवशी पूर्ण आवाजात वाजवून बघा. हसू नका, २०२२ ला सेंट जेम्स पार्कवर उद्घाटनाच्या वेळीच साउंड बंद पडला आणि बँडचा कार्यक्रम फसला. जग बघत असताना.

ड्रेसिंग रूम: एका टीमचे १३ जण, वर राखीव खेळाडू आणि स्टाफ. महिला-पुरुष डबल हेडर (एकाच दिवशी एकाच ग्राउंडवर दोन मॅचेस) असेल तर चार पूर्ण खोल्या, आणि महिला टीमला कोपऱ्यातली अॅकॅडमीची खोली देणार असाल तर डबल हेडर करूच नका. डोक्याला मार लागला की तपासायला शांत स्वतंत्र खोली, डोपिंग टेस्टची खोली, रेफ्रींमध्ये महिला असतील तर त्यांची वेगळी सोय, व्हिडिओ रेफ्रीची लाइन, आणि रिप्ले दिसेल असा मोठा स्क्रीन. हाका, सिपी ताऊ, सिवा ताऊ (न्यूझीलंड, टोंगा, सामोआची मॅचआधीची युद्धनृत्यं) यांच्यासाठी राष्ट्रगीतानंतरचा वेळ मिनिटांच्या हिशेबाने राखून ठेवा, लोक तिकीट अर्धं त्यासाठी काढतात.

व्हीलचेअर रग्बी लीग असेल तर हे सगळं विसरा, त्याला इनडोअर हॉल लागतो, कडक सपाट जमीन, आणि खेळाडूंसाठी रॅम्प, रुंद दारं, वापरता येतील अशी टॉयलेट्स. २०२२ ची फायनल मँचेस्टर सेंट्रलमध्ये झाली, जुनं रेल्वे स्टेशन होतं ते, इंग्लंडने फ्रान्सला २८-२४ हरवलं, साडेचार हजार लोक. त्या स्पर्धेतलं माझ्या मते सगळ्यात अचूक निवडलेलं ठिकाण तेच.

सातवी पायरी: एकटं ग्राउंड बघू नका, माळ बघा

एकच मॅच असेल तर इथवर पुरे. सिरीज किंवा टूर्नामेंट असेल तर ग्राउंड एकमेकांशी जुळले पाहिजेत.

२०२५ ची लीगची अॅशेस बघा (इंग्लंड-ऑस्ट्रेलिया, क्रिकेटची नव्हे). पहिली टेस्ट वेम्बली, दुसरी लिव्हरपूलला एव्हर्टन फुटबॉल क्लबचं नवंकोरं हिल डिकिन्सन, तिसरी लीड्सचं हेडिंग्ली. वेम्बलीला ६० हजारांच्या वर लोक आले, लिव्हरपूलला ५२ हजारांच्या वर म्हणजे जवळपास फुल्ल, आणि हेडिंग्ली वीस हजाराच्या आतबाहेरचं. तिसऱ्या टेस्टला एवढं छोटं ग्राउंड दिलं म्हणून लोकांनी भरपूर बोंब मारली, याच्या दुप्पट तिकिटं खपली असती म्हणून. असतीलही. पण ऑस्ट्रेलियाने पहिल्या दोन जिंकून सिरीज आधीच खिशात घातली होती. मोठं ग्राउंड तिसऱ्या टेस्टला ठेवलं असतं आणि थोडी तिकिटं शिल्लक असती तर ती कोण घेणार होतं? मेलेल्या सिरीजची शेवटची मॅच छोट्या, आधीच विकल्या गेलेल्या, हक्काच्या ग्राउंडवर असणं हा विमा आहे. मला ती निवड पटली, मित्रांशी वाद अजून चालू आहे.

टूर्नामेंटमध्ये एकदोन जुगार, बाकी हक्काची ठिकाणं. २०१३ च्या वर्ल्ड कपला हे फार सुंदर जमलं होतं. कार्डिफच्या मिलेनियमवर डबल हेडरने सुरुवात, वेम्बलीवर दोन्ही सेमीफायनल एकाच दिवशी (६७,५४५), ओल्ड ट्रॅफर्डवर फायनल (७४,४६८), आणि मधल्या ग्रुप मॅचेस रॉचडेल, वर्किंग्टन, नीथ, रेक्सम, अविन्यों, लिमरिक अशा छोट्या गावांत. रॉचडेलला फिजी-आयर्लंड बघायला लोक दाटीवाटीने उभे होते. मोठ्या शहरात तीच मॅच कुणाच्या गावी नसती, त्या गावात मात्र तो वर्षाचा सोहळा होता. पापुआ न्यू गिनीचंही तेच, २०१७ ला त्यांच्या तिन्ही ग्रुप मॅचेस पोर्ट मोर्सबीला त्यांच्याच ग्राउंडवर दिल्या, ग्राउंड लहान पण उत्साह कुठे मावेना, आणि तिन्ही जिंकल्या. तुम्ही वेल्स किंवा आयर्लंडच्या जागी असतात तर हा प्रवास आणि ती उष्णता नको वाटली असती, म्हणून प्रवासाचा भार कुणा एकाच टीमवर सारखा पडत नाही ना एवढं तपासा.

डबल हेडर हे मोठं ग्राउंड भरायचं सगळ्यात जुनं औषध आहे, चार टीम्सचे चाहते एका तिकिटात. पण पहिल्या मॅचला लोक उशिरा येतात, त्यामुळे कमी नाव असलेली टीम अर्ध्या रिकाम्या ग्राउंडसमोर खेळते, याचं वाईट वाटून घ्यायची तयारी ठेवा.

आठवी: जाऊन बसा

यादी तीनवर आली की तिथे दुसऱ्या कुठल्यातरी मॅचच्या दिवशी जा. पास घेऊन नाही, साधं तिकीट काढून. सगळ्यात वाईट खुर्चीवर बसा, कोपऱ्यातली वरची, आणि बघा की लांबच्या इन-गोलमध्ये बॉल टेकला का नाही हे दिसतं का. हाफटाइमला टॉयलेटच्या रांगेत उभे राहा. मॅच संपल्यावर गर्दीबरोबर स्टेशनवर चालत जा आणि घड्याळ लावा. ४० मिनिटांपेक्षा जास्त लागले तर त्या शहराच्या वाहतूक खात्याशी जादा गाड्यांचं बोलणं करारात घ्या, नुसत्या शब्दावर नको. व्हीलचेअरवरच्या प्रेक्षकांच्या जागा कुठे आहेत, पुढचे लोक उभे राहिले की त्यांना काही दिसतं का, हे त्यांच्यातल्याच कुणाला बरोबर नेऊन बघा.

मग दुसऱ्या नंबरच्या ग्राउंडला नाही म्हणायची घाई करू नका. त्यांना सांगा की तारीख अमुक दिवसांपर्यंत राखून ठेवा, लागलं तर थोडे पैसे द्या, कारण फुटबॉलची पुढे ढकललेली मॅच, पिच खराब होणं, छपराचं काम लांबणं यातलं काहीही उपटू शकतं. पहिल्या ग्राउंडची सही झाली, पिचचं माप लेखी आलं, तारखेचं कलम वकिलाने वाचलं, की मगच त्यांना मोकळं करा आणि त्याच संध्याकाळी आधीच्या मॅचला आलेल्या लोकांना पहिली तिकिटं विकायला काढा.